वरची रिकामी खोली

८ जून
शिरड शहापूरला जाऊन आलो. धाकट्या भावाची, दत्ताची कोमल बारावी झाली. नर्सिंग करायचंय. शेळ्यांना पाणी पाजता पाजता दत्ता म्हणाला, "दादा, हिंगोलीत तुझ्याकडं राहून शिकंल का पोरगी?" मीच घाईनं म्हणालो, पुण्याला पाठव, आपली स्नेहा आहे, तिला माझ्याहून दुप्पट पगार आहे. चार लोक ऐकत होते, छाती फुगली. नोकरीवाल्याच्या घरी नातलगाचं लेकरू राहतंच, त्यात विचारायचं काय! माझ्या लेकीला, स्नेहाला विचारलंच नाही.

१३ जून
पुणे. लेकीची जागा पहिल्यांदा पाहिली. एका खोलीत तिघी पोरी, मधे कपाटाचा आडोसा. फ्रीजमधल्या दुधाच्या पिशव्यांवरसुद्धा नावं. माझ्या कारकुनी पगारात हिंगोलीत घर, गाडी, वर एक खोली नुसती बंद. आणि ही... कोमलचं सांगितलं तर म्हणाली, "ठेवीन बाबा, पण कुठं?" मग हसली. "गावात तुम्ही मला श्रीमंत करून ठेवलंय. इथं मी मध्यमवर्गातसुद्धा बसत नाही." जेवण गेलं नाही.

१५ जून
परत घरी. दत्ताचा फोन. कोमलची बॅग भरून तयार, गल्लीतल्या बाया भेटून गेल्या. "पोरगी लई खुश हाय, दादा." स्नेहाकडं जागा नाही, हे सांगायचं होतं. आवाज येत नाही म्हणालो नि फोन ठेवला. साफ खोटं. स्वतःची लाज वाटली.

१६ जून
बायकोला सगळं सांगितलं. वर म्हणालो, तुला तकलीफ नको म्हणून आपली खोली दिली नाही. ही मेथी निवडत होती. "माझं नाव काहून घेता? मला इचारलं कवा?"
खरंय. भीती माझीच. कोमल इथं राहिली की तिला भेटायला दत्ता येणार, खांद्यावर घोंगडी, पायरीवर बसून मोठ्यानं बोलणार, आणि कॉलनी मला साहेब म्हणते. एवढ्यासाठी पोरीला पुण्याला ढकलत होतो.

१७ जून
आज दत्ताला फोन केला. स्नेहाची जागा कशी आहे ते सांगितलं. म्हणालो, कोमलला आपल्याकडंच पाठव. तो म्हणाला, "पोरीलाच इचारतो."
मागून कोमलचा आवाज आला. "मोठ्या बाबांना इचारा, आबा, तुमी मला भेटायला आले तं चालंल का."
नुसतं व्हय म्हणायचं होतं. नजर आधी खिडकीबाहेर, कॉलनीकडं गेली. तिकडून फोन ठेवला.
पुन्हा लावतोय. कोणी उचलत नाही.