अर्धा सिलिंडर

२० एप्रिल
आत्याला ताप. फोनवर म्हणाली, "काही नाही, ऊन लागलं असेल." आवाज बसलेला. येते म्हटलं तर म्हणे, "कर्फ्यूत कुठे निघतेस, गप घरी बस."

निघालेच. आई गेल्यापासून माझं म्हणावं असं माणूस तीच. टेंपो, ऑटो बंद. गाडी मला येत नाही. दर्पण कॉलनी ते किला गेट, पायी. एरवी रस्ता ओलांडायला जीव मुठीत धरते, आज मधोमध चालले. शटर सगळी खाली. डिव्हायडरवर गाय बसलेली, तिलाही उठायचं कारण नव्हतं. वाटेत एका पोलिसाने अडवलं. "कहाँ?" बुआजी बीमार हैं म्हटलं. "नाक ढको," एवढंच बोलला.

आत्याने दार उघडलं नाही. आतून, "पायरीवर ठेव आणि जा." खिचडी, पॅरासिटामॉल, ऑक्सिमीटर ठेवून खाली उतरले. मागे कडी वाजली, मग डबा उचलल्याचा आवाज. तेवढ्यावर परत आले.

२१ एप्रिल
सकाळी आठवीचा ऑनलाइन क्लास. मुलं कॅमेरा बंद ठेवतात. उत्तर द्यायला कोणी माइक लावला की त्याच्या घरातलं सगळं ऐकू येतं. आज एकाच्या मागे कोणीतरी रडत होतं. "मॅम, बाद में बताऊँ?" म्हणाला. बरं म्हटलं. नद्यांचा धडा पुढे नेला.

दुपारी परत किला गेट. आत्या खिडकीत आली. केस न विंचरलेली आत्या मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

२२ एप्रिल
आज दार उघडलं. मला थांबवण्याची ताकद नव्हती तिच्यात. ऑक्सि. ९१. डॉक्टर फोनवर म्हणाले, नव्वदच्या खाली गेलं तर ऑक्सिजन लागेल, पालथं झोपवा. बेडसाठी तीन हॉस्पिटलांत फोन लावले. दोघांनी नाव लिहून घेतलं, तिसरीकडे कोणी उचललाच नाही.

आत्या ऐकत होती. "मी जाणार नाही. हे गेले होते ना मागच्या साली, स्वतःच्या पायाने. मला तर पिशवीची चेनपण उघडून दाखवली नाही."
आता इथेच राहते. पुण्याला आत्याच्या मुलाला, अजितला कळवलं. "शुभाताई, मी निघू का?" कसा निघणार, त्याच्या घरी दोघं पॉझिटिव्ह.

२३ एप्रिल
औषधं इथे मिळेनात, बाड्याच्या चौकापर्यंत चालत गेले. महाराज बाडा असा कधी बघितला नव्हता. ठेले नाहीत, हॉर्न नाहीत. कबुतरं उडाली तर त्यांच्या पंखांचा आवाज भिंतींवरून परत आला, आणि मी घाबरले. लांब कुठेतरी ॲम्ब्युलन्स. ती कुठल्या बाजूला जातेय याचा अंदाज घेत उभी राहिले, उगाच.

एक केमिस्ट अर्धं शटर वर करून बसला होता. पाचातली तीन मिळाली. येताना चप्पल तुटली, पिशवीच्या बंदाने बांधली. कोणी बघायला नव्हतंच.

संध्याकाळी ८९.

२४ एप्रिल
शाळेतल्या सक्सेना मॅडमचा फोन. काल त्यांचे मिस्टर गेले, ग्रुपवर वाचलं होतं, फोन करायचा धीर झाला नव्हता. त्यांनीच केला. "शुभांगी, तुम्हारी बुआ को चाहिए न? सिलेंडर रखा है, ले जाओ."

आणायचा कसा? खाली भाड्याने दिनेश राहतो, ऑटो चालवतो. त्याने काचेवर 'इमरजेंसी' कागद चिकटवला. दोन नाक्यांवर थांबवलं, दोन्हीकडे तोच बोलला, मला तोंड उघडू दिलं नाही.

सक्सेना मॅडम फाटकात उभ्या होत्या. सिलिंडर बाहेर काढून ठेवलेला, रेग्युलेटर, मास्क, सगळं पुसून. "आधा है," म्हणाल्या. "इनको आधा ही लगा।"
मला हात जोडतासुद्धा आले नाहीत.

दिनेशने तो खांद्यावर घेऊन वर चढवला. जिन्यात थांबला, दम घेतला. खालच्या खोलीतून खोकल्याचा आवाज येत होता. त्याची बायको, ममता. मी ऐकला. तोही मी ऐकतेय हे बघत होता. सिलिंडर पलंगाजवळ ठेवून खाली गेला.

मास्क लावला. थोड्या वेळाने ९४. आत्या म्हणाली, "खाली कोण खोकतंय?"
"दिनेश असेल," मी म्हटलं.

२५ एप्रिल
रात्रभर खोकला. फरशीतून वर येत होता. आत्याही जागी, मीही, दोघी झोपल्याचं सोंग करून.

सकाळी आत्याने मास्क काढला आणि जिन्याकडे तोंड करून दिनेशला हाक मारली. तो दारात उभा राहिला.
"ममता का कितना है?"
त्याने माझ्याकडे बघितलं. "पचासी, अम्माजी।"
"कब से?"
"परसों से।"
परसों म्हणजे ऑटो काढला त्याच्या आदल्या दिवसापासून.

आत्या मला म्हणाली, "तिला वर आण."
मी नाही म्हटलं. खरंच म्हटलं, दिनेशच्या समोर, मराठीत, जणू त्याला कळणार नव्हतं. अर्धाच आहे, तुला पुरेल का माहीत नाही, अजितला काय सांगू.
"तिच्या खोकल्याने मला झोप येत नाही, शुभे. आण वर."
"आत्या, प्लीज, ऐक माझं."
तिने मास्क उशाखाली घालून ठेवला आणि भिंतीकडे वळली. ९०. ८८. मी बघत बसले. मग उठून खाली गेले.

ममता छब्बीसची आहे. मागच्या दिवाळीत लग्न होऊन आली. दिनेशने तिला उचलून आणलं, दुसऱ्या पलंगावर ठेवलं. आता थोडा वेळ ही, थोडा वेळ ती. दर वेळी मास्क पुसते.

अजितला सांगितलं. म्हणाला, "सिलिंडर आईसाठी आणलाय, ताई. मी असतो तिथे तर…" त्याच्यावर राग आला नाही. काल सकाळपर्यंत मीही तेच बोलले असते. आजही बोलले.

२६ एप्रिल
डॉक्टर फोनवर चिडले. असं वाटून कोणाचंच भागणार नाही, दोघींना बेड बघा. बघतेच आहे. नावं दोन लिहून झाली सगळीकडे.

दिनेशने हजिरा भागातल्या एका वेल्डिंगवाल्याकडून रिकामा सिलिंडर मिळवला. भरायला मोठी लाइन आहे म्हणे. दुपारी निघाला. जाताना ममताच्या पायाला हात लावला, आणि आत्याच्याही.

मी दूध बघायला बाहेर पडले. गल्ली, मग मोठा रस्ता, मग किल्ल्याच्या भिंतीखालून. कोणी नाही. एक दार उघडं, आत पांढरी चादर, कोणीतरी पटकन लोटून घेतलं. दूध नाही मिळालं. परत आले. वर गेल्यावर काय दिसेल ते नको होतं. जिन्याखाली उभी राहिले. वरून आत्याचा आवाज, ममताला विचारत होती, मेरठ में तुम्हारे घर आम का पेड़ है क्या. मग चढले.

२७ एप्रिल
दिनेश अजून नाही. फोन बंद. अजित सारखा विचारतोय, काय सांगणार.

सिलिंडरचा काटा लाल पट्टीत आलाय. फ्लो कमी केला. आत्या ८६, ममता ८७. बोलायला दोघींनाही दम नाही. मघाशी आत्याची पाळी होती, तिने नको म्हणून मान हलवली. ममताने डोळे मिटून घेतले, तिलाही घ्यायचा नव्हता. मास्क माझ्या हातात, त्यातून हवा माझ्याच बोटांवर जात होती. मग मी आत्याला ओरडले, लहान मुलाला ओरडतात तसं, आणि जबरदस्तीने लावला. आत्ता तिला लावलेला आहे. पुढची पाळी ममताची. देईन. देईन असं लिहून ठेवतेय.

पाचच्या सुमारास ऊन उतरलं. बाहेर इतकं शांत की आत्याचा श्वास आणि काट्याजवळची सूं एवढंच ऐकू येतं.

गल्लीत ऑटो आला. दिनेशचाच, दुसऱ्या कोणाचा येणार. बंद झाला. जिन्यावर पाऊल नाही अजून. हाकही नाही. ममताने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

खाली जाऊन बघते.