परसातली वहिवाट

३ मार्च
मानवजातीवर आजवर बरीच संकटं आली. पण आपण टॉवेल गुंडाळून परसात दात घासत असावं आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी तिथून जावं, या संकटाची इतिहासाने दखल घेतलेली नाही. मागच्या घरातल्या शिवणकामवाल्या मावशी! आमच्या परसातून गेलं की त्यांचं दुकान समोरच. रस्त्याने गेलं तर सगळा उतार उतरून वळसा. "चालू दे तुझं, मी बघत नाही," म्हणाल्या. बघितलं होतंच.

५ मार्च
परसात लिहायची खोली बांधायचीय. मग ही वाट बंद व्हायला हवी. वकील मेहुण्याला फोन केला. तो फी घेत नाही, त्यामुळे थांबतही नाही.
"भावोजी, न विचारता दुसऱ्याच्या जागेत शिरणं बेकायदाच. पण तुम्ही वर्षानुवर्षं बघून गप्प बसलात, तर उद्या त्या वहिवाटीचा हक्क सांगतील. मग विसरा खोली."
"कुंपण घालू?"
"भांडण कशाला? परवानगी द्या. परवानगीने येणाऱ्याचा हक्क होत नाही, आणि ती हवी तेव्हा काढून घेता येते."
म्हणजे माणसाला रोखायचं तर त्याला 'या' म्हणायचं. कायदा माझ्याहून तिरका निघाला.

६ मार्च
मावशींना परसातच गाठलं. जमेल तितकं गोड बोललो — "इथून जायला माझी परवानगी आहे बरं का."
त्या थांबल्या. "का रे, आजवर नव्हती?"
"होती की. पण आता रीतसर."
"अस्सं." आल्या तशा मागे फिरल्या.

७ मार्च
आल्या नाहीत.

१० मार्च
खिडकीतून दिसल्या. काखेत कापडांचं गाठोडं, गुडघा धरून उतार उतरत होत्या. मधेमधे कठड्याला टेकत होत्या.
बायको म्हणाली, "माझ्या बाळंतपणात याच वाटेने रात्री-अपरात्री धावत यायच्या. तेव्हा कुठे होता तुमचा कायदा?"
"अगं, मी अडवलं कुठे? परवानगीच दिली."
"घरच्या माणसाला परवानगी दिली की तो परका होतो. एवढं कळत नाही, आणि म्हणे लेखक."
 

१२ मार्च
मेहुण्याचा फोन. "मग खोलीचा पाया कधी?"
"नाही बांधत."
"अहो, त्यांचा हक्क होऊन बसेल!"
"बसू दे."

१३ मार्च
इतक्या वर्षांत मी मावशींच्या घरी एकदाही गेलो नव्हतो. आज गेलो. हाक न मारता, मागच्या दाराने, थेट स्वयंपाकघरात.
"कुणाला विचारून आलास?"
"कुणालाच नाही."
मावशींनी खुर्चीवरची कापडं उचलून बाजूला ठेवली.