वांग्यावरचा उजेड

चाचा,

अकोल्यात आता माझा स्वतःचा स्टुडिओ आहे. तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही, तुम्ही गेल्यावर तीन वर्षांनी तो निघाला. काल एक मुलगी आली आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, मी सावळी हाय, फ्लॅश जरा जास्त मारा." हल्ली फोनच पोरींना परस्पर गोरं करून टाकतो, त्यामुळे त्यांना आरसाच खोटा वाटायला लागलाय. मी फ्लॅशचं तोंड तिच्यावरून भिंतीकडे वळवलं आणि तुमची इतकी आठवण आली की आज लिहायला बसले.

मीही तशीच आले होते तुमच्या अमरावतीच्या स्टुडिओत, स्थळांना पाठवायचा फोटो काढायला. वलगावहून आईनं आणलं होतं, तोंडावर पावडरचा थर देऊन. "भाऊ, पोरगी जराशी गोरी येऊ द्या," ती म्हणाली. तुम्ही माझ्या हातात ओला रुमाल दिलात आणि आईला म्हणालात, "बाई, पोरगी जशी हाय तशीच येईन. गोरी पायजे असन तर दुसरी आना." आई घरी पोचेपर्यंत धुसफुसत होती. पण फोटो हातात आला तेव्हा मी बघतच राहिले. रंग माझाच होता, आणि तरी गालाला गोलाई होती, डोळ्यांत पाणी होतं, हनुवटीखाली हलकी सावली होती. मी देखणी आहे हे मला बाविसाव्या वर्षी तुमच्यामुळे कळलं. आठवड्याभरात एकटीच परत आले, म्हटलं, "चाचा, मले हे शिकवा."

तुम्ही हसला नाहीत. भाजीच्या पिशवीतून एक वांगं काढून स्टुलावर ठेवलंत. "काढ याचा फोटो. काळं नाई, जांभळं दिसलं पायजे." मी फ्लॅश सरळ मारायचे आणि प्रत्येक वेळी वांग्याच्या पोटावर पांढरा ठिपका यायचा, बाकीचा नुसता काळा गोळा. तुम्ही मानेनंच नाही म्हणायचात. दीड महिना मी वांगीच काढत होते आणि चाची त्यांचं भरीत करून आपल्याला वाढायच्या, वर म्हणायच्या, "तुमचा अभ्यास मले भाजा लागते!" त्याच स्वयंपाकघरात, भाकरी मोडता मोडता, तुम्ही मला सगळ्यात मोठी गोष्ट सांगितलीत. "लाइट मानसाले नाई मारायचा, भिंतीले मारायचा. सरळ येते तो पोलीस. भिंतीवरून येते तो पाव्हना, चपला काढून दमानं आत येते." पुढे हिरव्या भिंतीवर फ्लॅश मारून मी गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका मामांना अख्खे हिरवे केले, तेव्हापासून पांढरी चादर सोबत न्यायची सक्ती झाली.

मग अंजनगाव सुर्जीचं काम आलं. तुम्हाला ताप होता, म्हणून मी एकटी गेले. मुलगी माझ्याच रंगाची, तीन ठिकाणांहून नकार आलेला. मला तिची दया आली. चादर पिशवीतच राहिली आणि मी पूर्ण ताकदीचा फ्लॅश सरळ तिच्या तोंडावर मारला. फोटो धुऊन आला तेव्हा मुलगी अगदी गोरीपान होती आणि मला वाटलं, पुण्य केलं. तुम्ही तो फोटो खिडकीपाशी नेऊन पाहिलात. "नाक कुठी गेलं इचं?" मी म्हटलं, "चाचा, तिचं लग्न जमलं पायजे." तुमचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "गोरी नाई केली तू तिले, पुसून टाकली! पोरगा घरी येईन अन् फोटोतली कुठी हाय म्हनून इचारीन, तवा दारात कोन उभं राहीन? तू? हा फाड अन् दुसरा काढून आन." मी एसटी स्टँडवर रडले, रागानंच जास्त. आज वाटतं, कधीही न पाहिलेल्या पोरीसाठी एवढं चिडणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

दुसऱ्या दिवशी अंजनगावला मी तिच्या घरच्या भिंतीला चादर बांधली आणि आयुष्यातला माझा सगळ्यात चांगला फोटो काढला. तुम्ही तो पाहून नुसतं म्हणालात, "आता आली पोरगी." तो देऊन मी परतले, तेव्हा तुम्ही विचारलंत, "ठेवला का त्यायनं?" मी म्हटलं, "हो, लई आवडला." तुम्ही खूश होऊन तुमचा स्वतःचा फ्लॅश मला देऊन टाकलात, आणि चाचींना हाक मारून सांगितलंत की पोरगी तयार झाली.

चाचा, मी तो पहिला फोटो फाडला नव्हता. दुसरा दाखवल्यावर तिची आई गप्प बसली आणि माझा धीर सुटला. तिनं काही मागितलं नव्हतं. मीच पिशवीतून तो पांढरा फोटो काढला आणि म्हटलं, स्थळांना हा पाठवा. मुलगी समोरच उभी होती. तिनं तो पाहिला आणि मान खाली घातली.