समोरची खुर्ची

२ डिसेंबर, मंगळवार

आज पुन्हा दार बंद! हे ताट घेऊन आत गेले, कडी लावली आणि जेवून रिकामं ताट घेऊन बाहेर आले. स्वतःच्या घरात माणूस चोरासारखा जेवतो. मी डायनिंग टेबलावर एकटी, समोर वांग्याचं भरीत आणि ते बंद दार.

दिवाळीच्या आधी एका सकाळी ह्यांच्या चेहऱ्याची उजवी बाजू पडली. दाढी करायला आरशासमोर उभे राहिले तर ओठ एकीकडे ओढलेला. आम्ही दोघंही हादरलो. डॉक्टर म्हणाले, हा अर्धांगवायू नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे, हळूहळू येईल परत, सगळं खा-प्या. सुटले, असं वाटलं होतं तेव्हा! पण 'सगळं खा' म्हणणं सोपं. घास घेतला की उजव्या कोपऱ्यातून वरण ओघळतं. पाणी तर हमखास. ज्या भालचंद्ररावांनी उभी हयात सरकारी मीटिंगांमध्ये सामोसे खाल्ले, ते आता चारचौघांत चहासुद्धा घेत नाहीत.

आणि आठ फेब्रुवारीला आमच्या लेकीचं, तनयाचं लग्न. होणाऱ्या जावयाच्या, अंशुमनच्या नाशिकच्या मंडळींचा एकच हट्ट — बुफे नको, पंगत हवी. मुलीच्या आईवडिलांनी आमच्याबरोबर बसायचं, व्याही समोरासमोर. किती प्रेमाने म्हणतात! पण संध्याकाळी ह्यांनी तनयाला फोनवर सांगून टाकलं, "बुफेच ठेवा. नाहीतर मी लग्न लागलं की घरी निघून येईन."

मग तिचा गुडगावहून मला फोन. रडत. "आई, यार, बाबा माझ्याच लग्नात जेवणार नाहीत?"

मी म्हटलं, बघते. काय बघणार आहे, देव जाणे.

४ डिसेंबर

सुचलं! ओळखीच्या लोकांची लाज वाटते ना? मग आपल्याला कोणी ओळखत नाही तिथे जाऊन जेवायचं. चार ठिकाणी सराव झाला की पंगतीचं काय एवढं!

पण दिल्लीत कुठे? आमचं मयूर विहार बाद — अर्धी सोसायटी मार्केटातच उभी असते. महाराष्ट्र सदनाचं कँटीन तर नाहीच नाही! तिथे साबुदाणा वडा यायच्या आधी ओळखीचे लोक टेबलाशी येतात. मॉलचा ह्यांना तिटकारा. मग राहिली म्युझियमं. तिथे कोण जातं? शाळेच्या सहली, परदेशी पाहुणे आणि आमच्यासारखी रिकामी माणसं. शिवाय नाक तुटलेल्या मूर्ती तासभर बघून आलेल्या माणसाला एका वाकड्या ओठाचं काय कौतुक? शेजारी बाग असली तर फारच छान. खाऊन उन्हात बसता येईल.

५ डिसेंबर

हे 'नाही' म्हणाले. धूर आहे, थंडी आहे, गुडघा आहे.

९ डिसेंबर, मंगळवार

गेलो! 'तनयाच्या लग्नात पाहुण्यांना दिल्ली कुठे फिरवायची ते बघून येऊ' म्हटल्यावर तयार झाले. धोरण लागतं माणसाला.

मेट्रोने प्रगती मैदान. (स्टेशनचं नाव बदललं, आमच्या तोंडातलं नाही बदललं.) तिथून क्राफ्ट म्युझियम. मातीचे मोठे घोडे बघून हे खूश झाले, त्यांच्याभोवती फिरून आले. मग तिथल्याच कॅफेत. मी कोपऱ्यातलं टेबल धरलं. ह्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं, मी भिंतीला पाठ लावून समोर. म्हणजे हॉलमधलं कोणी ह्यांना बघणार नाही, आणि सगळ्यांवर माझी नजर. पर्समध्ये धुतलेले हातरुमाल, वाटीभर कागदी नॅपकिन मागवून ठेवले. एखाद्या मोहिमेवर निघावं तशी तयारी!

कॉफीला स्ट्रॉ मागितली तर म्हणाले, "झालं! आता लाळेरं पण आण."

पण प्यायले! अर्धा कप! प्रत्येक घोटाला मी ओठाच्या कोपऱ्याकडे बघत होते, थेंब आला की रुमाल पुढे. एकदासुद्धा शर्टावर पडू दिलं नाही. डोसा मात्र नको म्हणाले. माझी कॉफी गार होऊन गेली, पण काही वाटलं नाही. बाहेर भोजनाला बसल्याचा पहिला दिवस!

११ डिसेंबर

शेजारची विनया विचारत होती, "कुठे गेला होतात दोघं नटूनथटून?" म्हटलं, आम्हाला कलेची आवड लागली आहे.

१४ डिसेंबर, रविवार

लोधी गार्डन. रविवारी गेलो हीच चूक. सारी दिल्ली सतरंज्या घेऊन आलेली, कुणाचे पराठे, कुणाचा केक, कुणाचं गिटार. एका घुमटामागे मोकळा बाक मिळाला. थालीपीठ, दही, लसणाची चटणी. मी समोर पायरीवर बसले, गुडघ्यावर रुमाल पसरून. अर्धं थालीपीठ छान गेलं. मग शेजारी एक कुटुंब येऊन बसलं आणि ह्यांनी डबा बंद केला.

"कोणी बघत नाहीये हो!"

"मला माहितीय कोण बघतंय ते," म्हणाले आणि चालू लागले. उरलेलं थालीपीठ मी घरी येऊन उभ्याउभ्याच खाल्लं.

२३ डिसेंबर, मंगळवार

रेल म्युझियम. कटलेट जवळजवळ संपवलं होतं! आणि बाजूच्या टेबलावरची चिमुरडी मोठ्याने म्हणाली, "मम्मी, दादाजी का मुँह टेढ़ा है!" आई बिचारी मेल्याहून मेल्यासारखी झाली. मला तर त्या पोरीचा असा राग आला! हे मात्र तिच्याकडे बघून हसले, वाकडंच. मी पटकन हात पुढे करून त्यांचं तोंड पुसलं. हसणं तिथेच संपलं. चमचा खाली ठेवला.

मेट्रोत जागा असूनही दाराशी उभे राहिले.

१ जानेवारी

धुकं. घरीच. दार बंद. कसलं नवीन वर्ष!

६ जानेवारी

तनया म्हणते, महिनाअखेर केटररला सांगायचंय, पंगत की बुफे. नाशिकला काय कळवू, विचारते. तिच्या सासूबाईंनी तर परवा विचारलं म्हणे, "तुझ्या आईला उकडीचे मोदक आवडतात का? पहिला मोदक त्यांना मी वाढणार." आता ह्या बाईला काय सांगायचं!

१५ जानेवारी, गुरुवार

काय दिवस होता!

जनपथचं म्युझियम. आधी मूर्ती बघितल्या. एका बिनहाताच्या देवीसमोर हे बराच वेळ उभे राहिले. मग कँटीन. नेहमीची व्यूहरचना — कोपरा, हे भिंतीकडे, मी समोर. राजमा-चावल. आणि बाहेर गेलं की आम्ही नेहमी करतो तेच केलं — मराठीतून मोकळेपणाने बोलणं. दिल्लीत इतकी वर्षं काढली, भाजीवाल्याच्या तोंडावर भाजीची निंदा केली, मेट्रोत शेजारणीच्या साडीवर चर्चा केली, कधी अडलं नाही. कुणाला कळतंय!

हे म्हणाले, "सांडलं का गं? कोणी बघतंय?"

मी म्हटलं, "कोणी नाही हो. तो पलीकडचा टोपीवाला म्हातारा बघतोय, पण त्याच्या स्वतःच्याच मिशीला सगळी कढी लागलीय!"

टोपीवाल्याने शांतपणे उपरण्याने मिशी पुसली आणि म्हणाला, "पुसली वैनी. आता बघा बरं!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला! सांगलीकडची मंडळी. काल संक्रांतीला पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जाऊन आलेली, आज दिल्ली बघून रात्रीच्या गाडीने परत. टोपीवाले ते मारुती, आणि शेजारी त्यांची बायको अहिल्याबाई. मी माफी मागते, मागतच राहते. अहिल्याबाई पदर तोंडाला लावून हसतायत. म्हणाल्या, "अहो, ह्यांचं काय सांगू? काल कवळी धर्मशाळेत उशाशी काढून ठेवली आन् बस सुटली. तवापासून कढीत भाकरी कुस्करून चाललंय, भाकरी कुठली, रोटीच ती!"

मारुतीकाका म्हणाले, "आमच्या दातांचं पानिपत झालं बघा!"

आणि हे हसले! कधी नव्हे ते मोठ्याने, सगळा वाकडा चेहरा हलवून. राजम्याचा दाणा टेबलावर पडला. मारुतीकाका म्हणाले, "साहेब, तुमची एक बाजू तरी शाबूत हाय. आमचा गड सगळाच गेला." दोघं असे बोलायला लागले की वाटावं एका गावचे.

मी लाजेने पार अहिल्याबाईंकडे वळून बसले. त्यांच्या सुना, त्यांची द्राक्षं, नातीचं बारसं. ह्यांच्याकडे बघायचंच राहिलं. आठवण झाली तेव्हा दचकून वळले, तर ताट लख्ख! पापडसुद्धा नाही उरलेला. शर्टावर राजम्याचा एक डाग आणि त्याची ह्यांना फिकीर नाही.

निघताना अहिल्याबाईंनी पिशवीतून तिळगूळ काढून दिला. ह्यांनी सगळ्यांदेखत तोंडात टाकला आणि मारुतीकाकांना म्हणाले, "तुम्ही चघळा, मी चावतो."

बाहेर आल्यावर मी इंडिया गेटच्या हिरवळीवर बसून रडले. सुटलो! सुटलो एकदाचे! ह्यांना कळेना, बाई रडते का.

१६ जानेवारी

दार बंद!! कडीसकट!

मला काही म्हणजे काही कळत नाही. काल पन्नास परक्यांच्या देखत जेवलेला माणूस आज घरात, नुसत्या माझ्या देखत जेवत नाही. विचारलं तर म्हणाले, "सवय झालीय." कसली सवय?

२१ जानेवारी, बुधवार

तीन दिवस ताप. खोकून खोकून बरगड्या दुखतायत. हे पेज करून देतात. पातळ, बेचव आणि फार मायेने केलेली.

दुपारी म्हणाले, "जरा पाय मोकळे करून येतो." आले ते संध्याकाळी! स्वेटरवर छोल्यांचा मोठ्ठा डाग, गाल थंडीने लाल.

"कुठे होता?"

"दीनानाथबरोबर. सुंदर नर्सरीच्या बागेत. उन्हात बसलो, छोले-कुलचे खाल्ले, मग गाजर हलवा."

दीनानाथ! ऑफिसातला दोस्त, ज्याला सगळी दिल्ली ओळखते आणि जो सगळ्या दिल्लीला सगळं सांगतो! ज्याच्यापासून लपवायला मी ह्यांना पार म्युझियमांच्या कोपऱ्यांत नेऊन बसवलं, त्याच्याबरोबर गवतावर बसून छोले-कुलचे!

"लाज नाही वाटली?"

"कशाची?" म्हणाले. "त्याच्या गोष्टी संपत नव्हत्या. तो कुठे बघतोय माझ्याकडे!"

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण आत कुठेतरी फार लागलं. माझ्याबरोबर अर्धं थालीपीठ आणि दीनानाथबरोबर हलव्यापर्यंत! पेज न खाताच पांघरुणात शिरले.

२३ जानेवारी

ताप उतरला. बोलत नाहीये मी. त्यांच्या लक्षातही आलेलं नाही, हे आणखी वाईट.

२६ जानेवारी, सोमवार

परेडमुळे रस्ते बंद म्हणून तनया आली नाही. फोन आला. ओरडतच! "आई! बाबांनी स्वतः फोन केला! पंगतच ठेव म्हणाले! मी केटररला सांगून टाकलंय, नाशिकला पण!"

गॅसजवळच्या स्टुलावर बसले. हसू की रडू! किती दिवसांचं ओझं उतरलं. मोदक मिळणार मला, विहीणबाईंच्या हातचा!

"पण त्यांची एक अट आहे," ती म्हणाली. "ती मी नाही सांगणार. बिल्कुल नाही. तूच विचार त्यांना."

हे बाल्कनीत पेपर वाचतायत. वाचत नाहीयेत, नुसता धरलाय. उद्या विचारते. आज हा आनंद असाच राहू दे.

२७ जानेवारी

विचारलं. अट अशी — 'आईला माझ्या समोर बसवायचं नाही. शेजारी बसवायचं.'

मी म्हटलं, का हो? पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "अगं, मी घास उचलला की तुझं तोंड आधी उघडतं आणि हात रुमालाकडे जातो. तुझ्या चेहऱ्यावर मला माझा चेहरा दिसतो. मग घास खाली कसा जाणार? हे बोललो तर तुला वाईट वाटेल म्हणून कडी लावत होतो."

दुपारी माझी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी ठेवली. दोघं बाल्कनीतल्या तुळशीकडे बघत जेवलो. त्यांचं काही सांडलं का, माहीत नाही. माझा भात आज गरम होता.