यादीतून काढलेला प्रश्न

नाना,

पारोळ्याच्या गुरांच्या दवाखान्यात तुम्ही कंपाउंडर होतात. डॉक्टर दौऱ्यावर असले की लोक बैल घेऊन थेट तुमच्याकडेच यायचे. मी तेव्हा धुळ्याला, देवपूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते. नव्वद सालानंतरची गोष्ट. शेवटच्या वर्षाला जनावरांचे आजार ओळखणारा प्रोग्रॅम करायचा मी ठरवला, तो तुमच्या भरवशावर. जाणत्या माणसाला जे कळतं ते 'जर असं, तर असं' अशा नियमांत मांडायचं, म्हणजे यंत्र एकेक प्रश्न विचारत उत्तरापर्यंत पोचतं, एवढं सरांनी शिकवलं होतं.

दर रविवारी मी घरी यायचे. आई भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसलेले, अंगाला फिनेलचा वास, आणि मी वही उघडून विचारतेय, "पोट फुगलं म्हणजे नक्की किती?" तुम्ही वैतागायचात. "अगं, जनावर समोर आण, सांगतो. असं हवेत काय सांगू?" तरी सांगायचात. डावी कूस फुगली तर काय, कान गार लागले तर काय. एक नियम मात्र तुम्ही दोनदा सांगितलात. लाळ गळतेय, पाणी गिळता येत नाही, असं दिसलं की वाटतं, घशात काहीतरी अडकलंय. "पण तोंडात हात घालण्याआधी विचारायचं, कुत्रं चावलं होतं का. पिसाळलेलं जनावरही असंच दिसतं." तुम्ही स्वतः एकदा न विचारता बैलाच्या तोंडात हात घातला होता. मग पोटात चौदा इंजेक्शनं, त्यासाठी रोज एसटीनं धुळ्याला. मी चौथीत होते. दुपारी परत येऊन तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडायचात.

तो प्रश्न मी काढून टाकला. सर म्हणाले होते, प्रश्न फार होताहेत, शेतकरी कंटाळेल. मला वाटलं, असं जनावर कितीदा येणार?

प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी सरांनी काही शेतकऱ्यांना बोलावलेलं. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या बाकावर. एक जण सांगतो, गाय कालपासून लाळ गाळतेय, पाणी पीत नाही. मी उत्तरं भरते. पडद्यावर येतं: घशात वस्तू अडकली आहे, हाताने काढावी. तो माणूस खूश होऊन उठतो आणि तुम्ही मागून ओरडता, "भाऊ, तोंडमा हात नको घालू! पहिले सांग, कुत्रं चावनं व्हतं का तिले?"

तो थबकला. "हा नाना. महिना व्हई गया."

तिसऱ्या दिवशी गाय मेली. त्या माणसाचे हात वाचले.

पण त्या खोलीत सरांनी मला विचारलं, "हा प्रश्न यादीत का नाही?" आणि मी म्हणाले, "वडिलांनी सांगितलाच नव्हता, सर." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग सरांना म्हणालात, "हो साहेब, माझ्याकडूनच राहिलं."

स्टँडवर तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, "रविवारी येशील ना? राहिलेलं लिहून घे." मी आले. तुम्ही तोच नियम पुन्हा सांगितलात, सावकाश, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखा. मीही पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा लिहून घेतला. आईसमोर आपण दोघांनी ते निभावून नेलं.

पुढे मी हेच काम केलं. कारखान्यातल्या बॉयलरवाल्यांकडून, पंप दुरुस्त करणाऱ्यांकडून असे नियम गोळा केले. कोणाचा नियम गाळावा लागला, तर कोणी सांगितला आणि का गाळला, हे लिहून ठेवते. सोबतच्या मुलांना वाटतं, मॅडम फार काटेकोर.

सर अजून देवपुरातच राहतात. गेल्या महिन्यात भेटले, तुमची आठवण काढली. म्हणाले, "भला माणूस होता. एवढी महत्त्वाची गोष्ट तेवढी विसरला." मी होकारार्थी मान हलवली.

हे खरं तर त्यांना लिहायला हवं. त्यांचा पत्ता माझ्याकडे आहे. तरी तुम्हालाच लिहिलं, नाना, कारण तुमच्याकडून उत्तर येणार नाही.