पुढं नवं, मागं रिमोल्ड

४ मे, रविवार
ऊन पंचेचाळीसच्या वर. कूलर नुसता आवाज करते, गारवा काही देत नाही. स. सकाळपासून अंगणात मोटरसायकलीपाशी उकिडवा बसलेला, मागचं चाक हातानं फिरवत. लग्नाले दोन वर्षं झाली, इतकं निरखून माझ्याकडं त्यानं एकदाही पाह्यलं नाही. ८ जूनले चौघं मित्र हिमाचलात स्पितीले निघणार, अन टायर पार घासलेले. मी म्हटलं, "टक्कल पडलं हो गाडीले." हसला. म्हणे, "मंग तूच सांग कोणते घेऊ. तू तं टायरवाल्याची पोरगी."

बाबा तीस वर्षं एसटीच्या डेपोत, टायर सेक्शनले. त्याईचा एकच नेम होता. पुढं नवं, मागं रिमोल्ड. घासलेल्या टायरवर नवं रबर चढवलं की झालं रिमोल्ड. मागच्या चाकाले चालते, पुढं लावायचं नाही, कारण मागचं फुटलं तं गाडी लंगडते, पुढचं फुटलं तं माणूस जाते. हे सगळं स.ले सांगितलं. त्यानं मान हलवत ऐकलं. माझं कोणी इतकं ऐकलं की मले उगाच भरून येते, बावळट हो मी.

७ मे
घरात तीन दिवसांपासून फक्त टायर. जेवताना टायर, निजताना मोबाईलवर टायरचे व्हिडिओ. स.ले बटनवाले पाह्यजेत, मोठाल्या गुट्ट्यांचे, कारण फोटोत रुबाब दिसते. मी म्हटलं, मलकापूरपासून पहाडापर्यंत डांबरी सडकच हे. बटनं डांबरावर पेन्सिलीवानी झिजतात, अन ओल्या वळणावर गाडी थरथरते. साधे रोडचे घ्या. म्हणे, "विनूले विचारतो."

विनू म्हणजे त्याचा शाळेपासूनचा मित्र. मोबाईलचं दुकान हे, अन या चौघांचा पुढारी. विनू म्हणंल तं स. विहिरीतही उतरंल, अन वरून विचारंल, दोर कुठं हे बे.

११ मे, रविवार
गनीभाईच्या दुकानात गेलो, हायवेवर. चौघं मित्र अन मी एकटी बाई. गनीभाईनं देशी कंपनीचे दोन रोडचे टायर काढले. मी वाकून बाजू पाह्यली. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, मागचे दोन सालाचे. याच सालाचे होते, फेब्रुवारीतले. नख रुतवून पाह्यलं, रुतलं. रबर जिवंत. म्हटलं, "हेच घ्या."

विनू चहाचा घोट घेऊन म्हणाला, "वहिनी, यानं घरात तं रिमोल्ड आणलंच हे. आता गाडीले तरी नवं कोरं इम्पोर्टेड घेऊ द्या!"

सगळे हसले. एकाच्या नाकातून चहा आला. गनीभाई पाना शोधायले आत गेला, तो शहाणा. मी स.कडं पाह्यलं. तोही हसून राह्यला होता. गालात नाही, मांडीवर हात मारून.

माझी पहिल्या नवऱ्याशी फारकती झाली, चार वर्षांच्या संसारानंतर. त्याची पहिली वारली. विहारात दोघंही दुसऱ्यांदाच उभे होतो, पंधरा मिनिटांत लग्न झालं. मग रिमोल्ड मी एकटीच कशी काय? बायको मेली की माणूस फॅक्टरीतून नवा निघते वाटते.

टायर घेतलेच नाहीत.

१२ मे
बुद्ध पौर्णिमा. विहारात खीरदान. मी रांगेत वाढून राह्यली होती, अन मागून विनूची बायको दुसरीले हळूच, "रिमोल्ड वहिनी म्हणतात तिले, आमच्या यायनंच नाव ठेवलं." एका दिवसात गावात फिरलं. रोगही इतक्या लवकर पसरत नाही.

घरी आल्यावर स.ले म्हटलं, "त्याईले एकदा सांगा न, तसं म्हणू नका म्हणून. एकदाच."
"अवं मजाक हे वं. तुले मजाकही समजत नाही?"
समजते. चांगली समजते.

१६ मे
विनूनं टायर आणले. त्याच्या साडूकडचे, नाशिकचे. म्हणे बाहेरदेशातले, वापरलेच नाहीत, नुसते ठेवून होते. कायेभोर, चमकणारे, दोन्ही पॉलिश लावलेले. स. त्याईवर हात फिरवत होता, जसा कोणी वासराच्या पाठीवरून फिरवते. "पाह्य वं, याले म्हणतात माल!"

तो आंघोळीले गेला तेव्हा मी ओल्या फडक्यानं बाजू पुसली. आकडे निघाले. २३१८. अठरा सालचे, सात वर्षं पडून. पॉलिशखाली रेषा, सुकल्या ओठावर असतात तशा. नख दाबलं तं नखच वाकलं. दगड आहे नुसता. पावसात, घाटात, पुढच्या चाकाले हे...

मी फडकं धुतलं अन वाळू घातलं.

१७ मे
मनाशी ठरवलं. एकदा, फक्त एकदा, तो त्या लोकांईले म्हणंल की माह्या बायकोले असं बोलू नका, त्या क्षणी सांगते. एका वाक्याचं काम हे. नाही म्हणाला तं नाही. त्याचे टायर, त्याचा इम्पोर्टेड माल, त्याचा विनू.

हे लिहिताना मले वाईट वाटायले पाह्यजे. नाही वाटून राह्यलं.

१८ मे, रविवार
गनीभाईनं टायर बसवले. आकडे त्यानंही पाह्यले, मग माझ्याकडं पाह्यलं. त्याले माहीत हे मी कोणाची पोरगी. मी नजर फिरवली. तो म्हणे, "गिऱ्हाईक आणंल ते बसवतो, मॅडम." स. फोटो काढून राह्यला होता.

२१ मे
ऑफिस. पंचायत समितीत मोताळ्याले आज जत्रेवानी गर्दी, दाखल्यांचे ढीग. दुपारी बाबांचा फोन. "जावयानं टायर घेतले म्हणे. तू पाह्यले न?"
"पाह्यले."
"साल?"
"याच वर्षाचे," म्हटलं.
"मंग झालं. तू पाह्यले म्हणजे मले काळजी नाही."
जन्मात पहिल्यांदा बाबांशी टायरबद्दल खोटं बोलली. डबा उघडलाच नाही.

२३ मे
संध्याकाळी चौघं आमच्या ओट्यावर. नकाशे, सामानाच्या याद्या. मी भजे नेऊन दिले. एक जण म्हणे, "वहिनीच्या हातचे भजे एक नंबर." विनू लगेच, "रिमोल्ड असलं तरी पकड चांगली हे." मी दारातच थांबली. मुद्दाम थांबली. मनात म्हटलं, बोला. आत्ता बोला न हो.

स. म्हणाला, "मिरची आण अजून."

आणली. मिरची आणली.

२५ मे, रविवार
शेगावले गेलो, नवे टायर घासायले अन कचोरी खायले. सगळे डबलसीट, बायका मागं. मी दगडावर बसून गेली अन तशीच गुपचूप दगडावर बसून आली असती, पण मधात माझं तोंड सुटलं.

कचोरीच्या दुकानात दोन टेबलं जोडली. विनूनं सगळ्या बायकांची ओळख करून दिली एका नव्या जोडप्याले. माझ्यापाशी आला. "अन ह्या आमच्या रिमोल्ड वहिनी." ती नवी पोरगी बिचारी, तिले समजलंच नाही, तिनं नमस्कार केला, "जयभीम रिमोल्ड वहिनी," आडनाव समजून. दुकान हललं हसण्यानं. स. सगळ्यात जास्त. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून.

मी उभी राह्यली. म्हटलं, "विनूभाऊ, रिमोल्डवर कमीत कमी नवं रबर तरी असते. तुम्ही यायच्या गळ्यात जे मारलं ते सात वर्षांचं मढं हे. बाहेर चला, आकडे दाखवते. अठरा साल. पॉलिश लावून मढं विकलं तुम्ही, अन ह्या शहाण्यानं हात फिरवून घेतलं. शाळेत मास्तर हेत, चार आकडे वाचता येत नाहीत."

कोणी हसलं नाही. विनूचं तोंड कचोरीसारखं फुगलं. स.चं पांढरं. मले मजा आली. खोटं काऊन लिहू, दोन आठवड्यांत इतकं चांगलं मले वाटलं नव्हतं. नंतर सगळे आमच्या गाडीपाशी गेले, वाकून वाकून पाह्यलं. २३१८. एक जण विनूले म्हणाला, "काय बे?" विनू म्हणे, "तो मॉडेल नंबर हे."

येताना नांदुऱ्यापाशी वळणावर मागचं चाक जरासं सरकलं. मी स.चा शर्ट धरला. त्यानं माझा हात काढून टाकला.

२६ मे
"कधी पाह्यलं तू?"
"सोळाले."
"अन पंचवीसले सांगितलं. कचोरीच्या दुकानात."
मी म्हटलं, "तुम्ही कधी माझ्यासाठी बोलले?" तो गाडी पुसायले निघून गेला. एक एक बरोबर.

१ जून
बोलणं बंद. आज शेवटी मीच, "गनीभाईकडं ते देशी अजून हेत. उद्या बसवून घ्या."
"आता बदलले तं अख्खं मलकापूर म्हणंल, बायकोनं दुकानात कान उपटला अन ह्यानं टायर बदलले. याच टायरवर जाईन."
"अन मेले तं?"
"तं तू अजून एकदा रिमोल्ड हो."
बोलला. खरंच बोलला हे. मग स्वतःच गडबडला, पाणी प्यायले उठला. पण वापस घेतलं नाही.

मी बाथरूममध्ये नळ सोडून रडली. त्याच्यासाठी की माझ्यासाठी, ते नाही माहीत.

३ जून
सोळाले, आंघोळीतून आला तेव्हा, "अहो, हे जुने हेत," इतकं म्हटलं असतं तं त्यानं विनूले दोन शिव्या दिल्या असत्या अन गुपचूप बदलले असते. चार शब्द. मी ते नऊ दिवस जपून ठेवले अन मग दगडासारखे फेकून मारले. आता तेच शब्द कोणी उचलून घेत नाही. बाबा म्हणतात, गरम रबरावर हात ठेवशीन तं चिकटते, मग सोडवताना कातडं जाते. ते टायरबद्दलच म्हणतात.

५ जून
रात्री जेवताना हात जोडले. खरंच जोडले, ताटावर. "माह्यासाठी नका बदलू. तुमच्या मायसाठी बदला."

त्यानं भाकरी बाजूले सारली. मग म्हणे, "एक काम करू. रविवारी निघताना सगळे इथं जमतात. तू त्याईसमोर म्हण, तुझं चुकलं, आकडा उलटा वाचला, टायर चांगले हेत. माझी इज्जत राहते, विनूची राहते. मी रस्त्यात इंदूरले दुकान पाहून गुपचूप दोन्ही बदलतो. शप्पथ."
"बाबासाहेबांची?"
"हाव. त्याईची."
"अन माझी इज्जत?"
"घरातल्या घरात ठेवून घेऊ न."

७ जून
म्हणावं का? ऑफिसात दिवसभर एकाच दाखल्यावर तीनदा शिक्का मारला. न म्हणावं तं हा हट्टानं तसाच जाणार. म्हणावं तं मी जन्मभर विनूच्या तोंडात. तरी पहिलं वजनदार हे. माणूस जिवंत असला तं पुढं भांडता येते.

८ जून, रविवार
सकाळी साडेपाच. गाड्या ओळीत, बायका, शेजारपाजार, हार. मी ताटात गाड्यांले बांधायचे निळे-पांढरे रिबिन घेऊन बाहेर आली. सगळे माझ्याकडं पाहून राह्यले होते, म्हणजे त्यानं आधीच सांगून ठेवलेलं.

म्हटलं, "विनूभाऊ, माझं चुकलं. आकडा उलटा वाचला मी. टायर चांगले हेत."

विनूनं मान वाकडी केली. "मोठ्यानं म्हणा न वहिनी, मागच्याईले ऐकू नाही आलं."

मोठ्यानं म्हटलं.

"मंग काय," विनू म्हणे, "रिमोल्डले नव्या टायरचं काय समजते!" अन सगळे हसले. स. यावेळी हसला नाही. इतकंच लिहून ठेवते, यावेळी हसला नाही. हेल्मेट घालताना माझ्या कानाजवळ हळूच म्हणाला, "इंदूर." अन गेले.

संध्याकाळी मेसेज. "इंदूर पार. सगळं ठीक." सगळं म्हणजे काय? विचारलं. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

१० जून
दिवसभर फोन लागत नव्हता. सातले त्याचाच आला. चंदीगडच्या पुढं ढाब्यावर थांबलेले. मागं ट्रकचे हॉर्न, विनूचं खिदळणं.
"जेवले?"
"हाव."
"बदलले न?"
"काय?"
"टायर. इंदूरले."
तो मग मोठ्यानं, तिथल्या सगळ्याईले ऐकू जाईल असं, म्हणाला, "काऊन बदलू? तूच तं म्हणाली न सगळ्याईसमोर, टायर चांगले हेत."

तिकडं हसण्याचा आवाज. फोन कटला.

मित्र जवळ होते म्हणून तसं बोलला असंल. बदललेच असतील अन त्याईच्यासमोर सांगता येत नसंल. की नाहीच... दोनदा लावला, उचलला नाही. तिसऱ्यांदा बंद. उद्या सकाळी सहाले ते घाट चढायले लागतात.