दारावरचा नेम

तांडापेठ, नागपूर
४ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
प्रणालीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून हसशील. आजच्या जमान्यात कोण पत्र लिहितं! पण माझा मोबाईल बाबांच्या कपाटात आहे, पायलताई घरातून गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तुझा फोन येतो तो बाबांच्या फोनवर, आणि समोर बाबा बसलेले असले की मी बरी आहे याच्यापुढे काही बोलता येत नाही. पत्राची परवानगी मात्र मागितल्याबरोबर मिळाली. पत्रातून कोणी पळून जात नाही असं त्यांना वाटत असावं.

तुला ठाऊकच आहे, मला नेमबाजीच्या रेंजवर एकटीला पाठवायचं नाही म्हणून बाबांनीच ताईला सोबत धाडलं होतं. मी आत नेम धरायची, ती बाहेर बाकावर बसायची, आणि त्याच बाकावर रजत आपल्या धाकट्या भावाला घ्यायला येऊन बसायचा. दोघांनी परस्पर लग्न केल्याचं कळलं तेव्हा बाबा ताईवर चिडले त्याहून जास्त रेंजवर चिडले. माझं तिथलं जाणं त्याच दिवशी बंद झालं. कॉलेजात सोडायला बाबा, आणायला आई.

रायफल मात्र त्यांनी बंद केली नाही, हे खरं ते सांगायला हवं. त्यांनी टेप घेऊन आपलं घर मोजलं. पुढच्या दारापासून आजोबांच्या हातमागाच्या खड्ड्यापर्यंत बरोबर दहा मीटर भरले, रेंजवर असतात तेवढेच. दाराला आतून, कडीच्या खाली, छर्रे अडवायची लोखंडी पेटी ठोकली आणि तिच्यात कागद लावला. खड्ड्यावर फळ्या टाकल्या आहेत, तिथे मी उभी राहते. संध्याकाळी कडी लागली की माझा सराव संपेपर्यंत कोणी बाहेर जायचं नाही आणि आत यायचं नाही. आई स्वयंपाकघरात अडकून बसते.

घरचे कागद पाहिलेस तर खूश होशील. दहातले नऊ छर्रे एकाच भोकातून जातात. पण गेल्या महिन्यात बाबा मला निवड चाचणीला घेऊन गेले आणि तिथे सगळे छर्रे वर जायला लागले. नेमाची साइट फिरवून मध्यावर आणले, तरी थोड्या वेळाने अंग थकलं की नळी पुन्हा वर. मग मी हातांनी दाबू लागले. रायफल हातांनी धरायची नसते, हाडांवर ठेवायची असते, हे रेंजवरच्या मोहित सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. नंबर लागला नाही. येताना स्कूटरवर बाबांचं एकच म्हणणं, की घरी तं बराबर लागून राह्यलं, मग बाहेरच काहून बिघडते. दसऱ्यानंतर शेवटची चाचणी आहे. तिथेही हुकले तर क्लबची रायफल परत करायची.

परवा नेम धरलेला असताना कोणीतरी दार वाजवलं. बाबांनी हातानेच खूण केली की चालू ठेव. थांबून थांबून तीनदा वाजलं, मग बंद झालं. गणपतीच्या वर्गणीवाले असतील म्हणाले. तो छर्रा पेटीच्या कडेला लागला. आत्या, मला या घरात फार कोंडल्यासारखं होतं.

उत्तर लवकर लिही. तुझ्या मायेचीच आस आहे.
तुझी,
प्रणाली

*

खापा
११ ऑगस्ट २०२४

चि. प्रणालीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. पोस्टमन कवडूने ते देताना मला दोनदा नाव विचारलं, कारण माझ्या नावाने या घरी फक्त विजेचं बिल येतं. इकडे कन्हान भरून वाहते आहे. अंगणवाडीतली पोरं सर्दीने बेजार आहेत, आणि माझा गुडघा आहे तसाच आहे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला तुझ्या नेमाची काळजी वाटायच्या आधी हसू आलं. वेडे, तू त्या फळीवर उभी राहतेस? त्या माग-खोलीत बसून मी लग्न होईपर्यंत सुताच्या कांड्या भरल्या आहेत. खड्ड्याची दाराकडची कड माझ्या लहानपणीच खचली होती. वर फळी टाकली की तिला दाराकडे उतार यायचा. आम्ही दोघं तिच्यावर लिंबू ठेवायचो आणि ते घरंगळत दाराकडे निघालं की तुझा बाप त्याच्यामागे रांगत जायचा. एकदा त्या फळीवर उभं करून फोटोवाल्याने त्याचा फोटो काढला, त्यातही तो तिरपाच आला आहे.

रायफलीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण रोज एक पाय खाली आणि एक पाय वर ठेवून उभी राहिलीस, तर अंग त्याला सरावणारच. बाहेरची जमीन सपाट असते वं पोरी. चूक तुझ्या मनात आहे असं कोणी म्हणालं तर लगेच मान डोलवू नकोस. आधी लिंबू ठेवून बघ.

आईला सांग, तिखट संपलं असेल तर पाठवते. जेवत जा. आशीर्वाद आहेतच, ते काही टपालाने पाठवावे लागत नाहीत.
तुझी आत्या,
अनुसया

*

तांडापेठ, नागपूर
१९ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

लिंबू घरंगळलं. सरळ दाराकडे गेलं.

मोहित सरांनी शिकवलेली एक तपासणी आहे. डोळे मिटून रायफल उचलायची, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. नळी जिथे असेल ती तुझ्या अंगाची खरी दिशा. ती मध्यावर नसेल तर हात वळवायचे नाहीत, पाय हलवायचे. फळीवर मी डोळे उघडले की नळी कागदाच्या मध्यावर असते. मग मी फळीवरून उतरून शेजारच्या सपाट जमिनीवर उभी राहिले, डोळे मिटले, उघडले, तर नळी कडीच्याही वर, चौकटीवर. पुन्हा पुन्हा केलं तरी तेच. आत्या, हे घर माझ्या पायांत शिरलंय. मी बाहेर गेले तरी ते माझ्यासोबत येतं. मला रडू आलं, आणि आईला वाटलं रायफल पायावर पडली.

रात्री जेवताना बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, एकदाही तोडलं नाही. जेवण झाल्यावर फळ्या उचलून बराच वेळ खड्ड्यात पाहत बसले. मला वाटतं आता ते मला रेंजवर पाठवतील. तिथली जमीन सपाट आहे, सर आहेत, शेजारी दुसऱ्यांच्या रायफली वाजत असतात त्याचीही सवय लागायला हवी. अजून वेळ आहे.

तिखट संपलंय. तुझी आठवण मात्र पुष्कळ उरली आहे.
तुझी लाडकी,
प्रणाली

*

तांडापेठ, नागपूर
१ सप्टेंबर २०२४

ती. बाईस,
गुलाबचंदचा शि. सा. न. वि. वि.

बाई, तू प्रणालीला फळीचं सांगितलंस ते फार चांगलं केलंस. इतके महिने माझ्या ध्यानात आलं नाही याचं वाईट वाटलं. गांधीबागेतल्या दुकानातून चार दिवस सुट्टी घेतली आणि तो खड्डा बुजवून टाकला. खाली गिट्टी, वर मुरूम, त्यावर सिमेंट आणि वरून फरशी. गवंड्यावर विसंबलो नाही, पाणसळ स्वतः धरली. आता तिथे लिंबू ठेव नाहीतर गोटी ठेव, जागचं हलणार नाही. आपल्या बाबांच्या मागाच्या, पायाने दाबायच्या पावड्या काढताना मात्र मला भरून आलं. त्या धुऊन माळ्यावर ठेवल्या आहेत.

पोरीचा नेम आता असा लागतो की पाहतच राहावं. म्हणून रेंजवर जायचं काही कारणच उरलं नाही. त्या मोहित सरांचे फोन येतात, मी उचलत नाही. चाचणीच्या दिवशी मी स्वतः नेईन आणि स्वतः घरी आणीन. बाई, तू मला कठोर म्हणशील. पण एकीला सोबत म्हणून पाठवलं आणि ती हातची गेली. दुकानात दोन माणसं हळू आवाजात बोलली की मला वाटतं माझ्याच घराचं बोलून राहिले. दुसरी गमावली तर मी जगणार नाही, हे तुला सांगतो, दुसऱ्या कोणाला सांगत नाही. मोठीचं नाव पत्रात काढू नये ही विनंती.

एकच गोष्ट खटकते. एवढी फरशी घातली, तर प्रणालीने पाय ठेवून पाहिलं, छान आहे म्हणाली, आणि तेव्हापासून बोलतच नाही. नेम धरते, कागद दाखवते, झोपते. तू तिला समजावून लिही.

थोरली म्हणून रागावायचा हक्क तुझा आहे. माया कमी करू नये.
तुझा,
गुलाब

*

खापा
१० सप्टेंबर २०२४

चि. गुलाबचंद यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. फरशी चांगली झाली असेल यात शंका नाही. तू हाताने केलेलं काम कधी वाकडं झालं नाही. पोर का बोलत नाही ते मला विचारतोस? तिने तुला फळीचा उतार सांगितला तो बाहेर जाता यावं म्हणून, आणि तू मायेने तिची बाहेर जायची वाटच लिंपून टाकलीस. तुझ्यावर ओरडावं तर तू खड्डा बुजवलेला, आणि न ओरडावं तर पोर कोंडलेली. तिने करावं काय?

तुझी विनंती मी मोडते आहे. पायल परवा खाप्याला आली होती. रजत सोबत होता. पोरगा साधा आहे, जेवल्यावर स्वतःचं ताट घासायला उठला. पायलने मला जे सांगितलं ते तुला सांगितल्याशिवाय मला घास गोड लागणार नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला ती एकटी तांडापेठला आली होती. तुझ्या पाया पडायचं होतं तिला. दार वाजवलं. आतून छर्रा लागल्याचा आवाज आला, म्हणजे घरात सगळे आहेत हे तिला कळलं. पुन्हा वाजवलं. तिसऱ्यांदा वाजवून ती थोडा वेळ ओट्यावर बसली आणि निघून गेली.

लहानपणापासून ती थांबून थांबूनच दार वाजवते. तू ओळखलंस की नाही, ते मी विचारत नाही. पण गुलाब, ज्या दारावर तू धाकटीला नेम धरायला लावलंस, त्याच दारापलीकडे तिची बहीण उभी होती. पेटी लोखंडी आहे, छर्रा बाहेर जात नाही, हे मला समजतं. तरी पायलने सांगितल्यापासून माझी झोप उडाली आहे.

मी तुला दुसरं काही सांगत नाही. एक दिवस रायफल घेऊन त्या फरशीवर तू उभा राहा. तुझ्या पोरीला रोज समोर काय दिसतं ते बघ.

मी रागावले तरी तुझी बहीणच आहे, हे धरून चाल.
तुझी बाई,
अनुसया

*

तांडापेठ, नागपूर
२२ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू बाबांना काय लिहिलंस ते मला माहीत नाही. पत्र आलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्यानंतरच्या संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखी कडी लावली, माझं जाडजूड जॅकेट अंगात घालून पाहिलं, ते पोटावर मिटलं नाही, आणि मला म्हणाले की रायफल दे, छर्रा भरू नको.

जन्मात पहिल्यांदा मी बाबांना काही शिकवलं, आत्या. पाय किती अंतरावर, डावं कोपर कमरेच्या हाडावर कसं टेकवायचं, गाल कुठे ठेवायचा, श्वास अर्धा सोडून कसा थांबायचा. ते लहान पोरासारखं सगळं ऐकत होते. पण पाच किलोचं वजन ते, नळी कडीपासून चौकटीपर्यंत फिरायला लागली. मी सांगितलं की नेम बसत नसला तर रायफल खाली घ्यायची, पुन्हा श्वास घ्यायचा, त्यात कमीपणा नाही. सर म्हणतात, ज्याला खाली घेता येत नाही त्याचाच छर्रा वाया जातो. बाबांनी खाली घेतली नाही. ते दाराकडे बघत राहिले. शेवटी मीच नळी धरून खाली केली. ते म्हणाले, त्या दिवशीचं दार वाजवणं मी ओळखलं होतं. मला आधी समजलं नाही. मग आठवलं, थांबून थांबून दार ताईच वाजवते. त्या दिवशी मी नेम धरलेला होता, आत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दारावरची पेटी काढली. मला वाटलं, संपलं सगळं, आता रायफलही जाणार. पण ती त्यांनी आत नेऊन बुजवलेल्या खड्ड्यापाशी लावली, मागे लोखंडी पत्रा उभा केला, आणि मला दाराशी उभं केलं, गल्लीकडे पाठ करून. आता सराव चालू असताना कडी लावायची गरज नाही. दार सताड उघडं असतं आणि बाबा बाहेर ओट्यावर बसतात. मी आईला विचारलं की ते कोणाला अडवायला बसतात. आई म्हणाली, राखण नाही वं, वाट पाहून राह्यले.

पहिल्या दिवशी माझा पहिला छर्रा दहाच्या जागी सात गुणांवर गेला. पाठीला वारा लागत होता, गल्लीत कोणीतरी भजी तळत होतं, पोरांचा गलका, स्कूटरचे हॉर्न. इतका वाईट छर्रा मी कित्येक महिन्यांत मारला नव्हता, आणि मला इतका आनंदही कित्येक महिन्यांत झाला नव्हता. दुसरा आठवर गेला. चाचणीत काय होईल ते माहीत नाही. रेंजवर तर याहून जास्त आवाज असतो, त्याची सवय लागायला दिवस थोडेच उरलेत.

म्हणून बाबांचा एक निरोप आहे. काल त्यांनी मोहित सरांचा फोन उचलला. शनिवारपासून मला रेंजवर जायचं आहे. सोबत म्हणून पायलताईला जमेल का, असं त्यांनी विचारलंय. तिचा पत्ता तुझ्यापाशी असेल म्हणाले, तेवढं तिला कळव. मी म्हटलं की बाबा, हे तुम्हीच दोन ओळी लिहा. तर म्हणाले, रायफलीनं हात अजून हालून राह्यला, तूच लिहून टाक.

रायफल धरली त्याला आठ दिवस झाले, आत्या.

तुझी माया अशीच असू दे.
तुझी,
प्रणाली